मदरबोर्डने निराश केलंय? स्वस्तातला पण बरोबर बोर्ड कसा निवडायचा आणि कसा बदलायचा

भारीतला बोर्ड घेतला आणि मनासारखं काहीच झालं नाही, कधी यूएसबी मध्येच तुटतंय, कधी स्लीपमधून मशीन उठत नाही, कधी रॅम लिहिलेल्या स्पीडला चालतच नाही, मग बहुतेक जण ठरवतात की आता याहून भारी बोर्ड घेऊ. नवीन लोकांना मी आधी हेच सांगतो की थांबा, बोर्डाच्या किमतीतला मोठा भाग ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडला चालवणं), जास्तीचे एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची जागा), वायफाय, लाइटिंग आणि दिखाऊ झाकणं यांच्यात जातो आणि तुमचा प्रोसेसर जर ओव्हरक्लॉकच होत नसेल तर त्यातलं निम्मं तुम्ही कधी वापरणारच नाही. तुमच्या प्रोसेसरला पुरेल इतकी वीज नीट देणारा, तुमच्याकडे आहे तेवढंच सामान जोडता येणारा साधा बोर्ड रोजच्या कामात त्या भारी बोर्डाइतकाच चालतो, फक्त तो कागदावर तपासून घ्यावा लागतो.

आधी खरंच बोर्डाचाच दोष आहे का ते बघा

हे टाळू नका, कारण बोर्ड बदलणं म्हणजे अख्खं मशीन उघडून परत जोडणं. बोर्डाचे म्हणून सांगितले जाणारे बरेच त्रास बायोसचे, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरचे असतात. एएमडीच्या ५०० सिरीजच्या बोर्डांवर यूएसबी मधूनमधून तुटायचं, ते २०२१ मध्ये बायोस अपडेटने सुटलं. रायझनवर मशीन अधूनमधून क्षणभर अडखळायचं, आवाजही तुटायचा, त्याचं कारण एफटीपीएम (किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग) निघालं आणि २०२२ मध्ये त्यावरही बायोसमधूनच उपाय आला. इंटेलच्या १३ आणि १४ व्या पिढीचे मोठे प्रोसेसर गेम चालू असताना क्रॅश व्हायचे, लोक बोर्डाला दोष देत बसले आणि २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं की प्रोसेसरसाठी नको इतकं व्होल्टेज मागितलं जात होतं, त्याचं नवीन मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) पण बायोस अपडेटमधूनच मिळतं. यातला कुठला प्रकार असेल तर नवीन बोर्ड घेऊन पैसे वाया जातील, आधी बायोस अपडेट करा.

मग रॅमची एक एक पट्टी लावून बघा, मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा, एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) दुसरा मिळाला तर तो लावून बघा, आणि बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी जुनी असेल तर बदला, दर वेळी तारीख-वेळ विसरणारं मशीन बहुतेकदा फक्त बॅटरीसाठी अडलेलं असतं.

एवढं करूनही रॅमचा एखादा स्लॉट मेलेलाच असेल, किंवा जोर लावल्यावर प्रोसेसरचा स्पीड खाली पडतोय आणि व्हीआरएम (बोर्डवरचा प्रोसेसरला वीज देणारा भाग) तापतंय, किंवा कंपनीने बायोस देणंच बंद केलंय, तर मग बोर्ड बदला. आणि वॉरंटी बाकी असेल तर आधी तिथे जा, स्वस्त बोर्डापेक्षा वॉरंटीत बदलून मिळालेला बोर्ड स्वस्त.

कॅबिनेट उघडा आणि मोजा

नवीन बोर्ड शोधायच्या आधी एक कागद घ्या आणि आत्ता खरोखर काय काय जोडलंय ते लिहा. रॅमच्या किती पट्ट्या, एम.२ ड्राइव्ह किती आणि त्या एनव्हीएमई (जलद प्रकारच्या) आहेत का साटा (जुन्या, हळू प्रकारच्या), साटा केबल किती, फॅन किती, मागे यूएसबीला काय काय लागलंय, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला टाइप-सी पोर्ट आहे का, वायफाय बोर्डचं वापरता का केबलने इंटरनेट घेता. ही यादी डोक्यात ठेवून चालत नाही, लिहाच, कारण स्वस्त बोर्डात नेमक्या याच गोष्टी कापलेल्या असतात. रॅमचे दोनच स्लॉट, एम.२ एकच, फॅनचे दोनच हेडर (केबल जोडायच्या पिना) म्हणजे एक प्रोसेसरच्या फॅनला आणि एक कॅबिनेटला, पुढच्या टाइप-सीचा हेडर बऱ्याचदा नाहीच. फॅनचं काम स्प्लिटर केबलने भागतं, वायफाय यूएसबीवरून किंवा कार्ड टाकून मिळतं, पण रॅमच्या चार पट्ट्या असतील आणि स्लॉट दोनच असतील तर दोन पट्ट्या घरी पडून राहतील.

अजून एक, एम.२ मध्ये ड्राइव्ह लावली की काही बोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. हे मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, बोर्ड विकत घेण्याआधी वाचा.

सॉकेट, चिपसेट आणि कुठे वाचवायचं

प्रोसेसर तोच ठेवायचा असेल तर सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, तोच हवा, यात तडजोड होत नाही. रायझनच्या १००० ते ५००० सिरीजचे नेहमीचे डेस्कटॉप प्रोसेसर एएम४ वर बसतात, ७००० पासून पुढचे एएम५ वर. इंटेलची १२, १३, १४ वी पिढी एलजीए१७०० वर, १० आणि ११ वी एलजीए१२०० वर. एलजीए११५१ मात्र फसवं आहे, सहाव्या-सातव्या पिढीचा आणि आठव्या-नवव्या पिढीचा सॉकेट नावाने एकच असला तरी बोर्ड वेगळे, एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर चालत नाही.

रॅमचंही बघा. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए१७०० वर काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे, आणि दोन्ही बोर्डांची नावं जवळजवळ सारखी असतात, नावाच्या शेवटी डी४ असं काही आहे का ते नीट वाचा, कारण खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही.

चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपमध्ये, पैसे वाचतात. एएम४ साठी ए५२० सगळ्यात साधा, त्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही आणि पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीचा डेटाचा मार्ग) ३.० पर्यंतच मिळतं. बी५५० वर ग्राफिक्स कार्डाला आणि पहिल्या एम.२ ला ४.० मिळतं. पण तुमच्याकडे रायझन ५ ५६००जी असेल तर त्या प्रोसेसरमध्येच ३.० आहे, म्हणजे बी५५० च्या ४.० साठी दिलेले पैसे तुम्हाला दिसणारच नाहीत, तिथे ए५२० बिनधास्त घ्या. उलट आरएक्स ६५०० एक्सटी सारखं कार्ड असेल, ज्याला डेटा जायच्या चारच वाटा (लेन) आहेत, तर ३.० च्या बोर्डावर त्याचा स्पीड जाणवण्याइतका पडतो. स्वस्त कार्डालाच चांगला स्लॉट जास्त लागतो, हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही.

इंटेलमध्ये एच६१० सगळ्यात साधा, त्यात रॅम ओव्हरक्लॉक होत नाही, डीडीआर४ असेल तर ३२०० वर थांबते. बी६६० आणि बी७६० मध्ये एक्सएमपी (रॅमचं जास्त स्पीडचं तयार सेटिंग) लावून वरचा स्पीड घेता येतो. झेड सिरीज फक्त के अक्षर असलेल्या प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांसाठी, आय५-१२४०० वाल्याने तिकडे बघायचं काही कारण नाही.

व्हीआरएमवर मात्र कंजूषी नको

एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक-सव्वा व्होल्टवर आणायचं काम व्हीआरएम करतं, सॉकेटच्या डावीकडे आणि वरच्या बाजूला छोटे चौकोनी चोक ओळीने दिसतात ना, तेच. हे कमी पडलं की बोर्ड जळत वगैरे नाही, तो गुपचूप प्रोसेसरचा स्पीड कमी करतो आणि तुम्ही महिनोन्‌महिने प्रोसेसरला शिव्या देता.

खोक्यावर ६५ वॅट लिहिलं म्हणजे प्रोसेसर ६५ च खातो असं नाही. एएम४ चा ६५ वॅटवाला रायझन ८८ वॅटपर्यंत जातो, १०५ वॅटवाला १४२ पर्यंत. आय५-१२४०० बूस्टमध्ये ११७ वॅटपर्यंत, आणि आय९-१३९००के २५३ पर्यंत. तर माझा हिशोब साधा आहे, ६५ वॅटवाल्या रायझनला किंवा १२४०० ला व्हीआरएमवर एक छोटा हीटसिंक असलेला कुठलाही बरा बोर्ड पुरतो, १०५ वॅटवाल्याला दोन्ही बाजूंना हीटसिंक हवाच, आणि आय७-आय९ असेल तर हा स्वस्ताईचा खेळ खेळूच नका. हीटसिंक अजिबात नसलेले बोर्ड फोटोत लगेच ओळखू येतात, ते ऑफिसच्या कामाला ठीक, तासन्‌तास रेंडरिंग करणाऱ्याला नाही.

आणि निवड करायची वेळ आली तर भारी चिपसेटचा सगळ्यात हलका बोर्ड घेण्यापेक्षा साध्या चिपसेटचा चांगला बोर्ड घ्या. बी५५० नाव लावून बाकी सगळं कापलेले बोर्ड पण मिळतात.

शेवटचं म्हणजे कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा, तुमचा प्रोसेसर कुठल्या बायोस व्हर्जनपासून चालतो ते लिहिलेलं असतं. बी४५० वर रायझन ५००० किंवा बी६६० वर १४ वी पिढी लावायची असेल तर जुन्या बायोसवर मशीन चालूच होणार नाही. म्हणून बोर्डावर बिना प्रोसेसरचं बायोस टाकता येणारं बटण असेल तर फार बरं, आसुस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतं, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस, एमएसआय फ्लॅश बायोस बटण. ते नसेल तर दुकानदाराकडूनच बायोस अपडेट करून घ्या.

खोलायच्या आधी

सगळ्यात आधी डेटाचा बॅकअप. मग विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून लायसन्स त्या अकाउंटला जोडून घ्या, बोर्ड बदलला की विंडोजला ते नवीनच मशीन वाटतं आणि ॲक्टिव्हेशन जातं. यानंतर बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. विंडोज ११ मध्ये बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन तुम्हाला न विचारता चालू झालेलं असतं, आणि बोर्ड बदलल्यावर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर ड्राइव्हमधला डेटा गेला असंच समजा, कुणीही काढून देऊ शकत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि पूर्ण बंद होईपर्यंत थांबा, किंवा निदान ती की कागदावर लिहून ठेवा. लॉगिनचा पिन पण नवीन बोर्डावर बहुधा चालत नाही, त्यामुळे अकाउंटचा पासवर्ड आठवतोय ना ते आधी तपासा.

नवीन बोर्डाचा लॅन आणि वायफायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. जुन्या बोर्डाचं लाइट आणि फॅन कंट्रोलचं सॉफ्टवेअर काढून टाका, ते मागे राहिलं की नवीन बोर्डावर त्रास देतं. आणि जुन्या बायोसमध्ये जाऊन साटा मोड एएचसीआय आहे का रेड, बूट यूईएफआय (नवी पद्धत) आहे का लेगसी (जुनी), त्या पानांचे फोटो काढा.

जुना बोर्ड काढताना

मशीन पंधरा-वीस मिनिटं चालवून मग बंद करा, म्हणजे थर्मल पेस्ट मऊ असते. मेन वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. जोडलेल्या केबल्सचे जवळून फोटो काढा, विशेषतः खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या बारीक वायरींचे.

ग्राफिक्स कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाचं लॉक आधी दाबा. २४ पिनचा मोठा कनेक्टर आणि वरच्या कोपऱ्यातला ८ पिनचा, दोन्हींची क्लिप दाबून सरळ वर ओढा, वायरीला धरून नाही.

कूलरला जरा वेळ द्या. एएम४ वर प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि सॉकेटचं लॉक त्याला वरून दाबत नाही, त्यामुळे कूलर सरळ वर खेचला तर लॉक बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. म्हणून स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने सैल करा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हळूच फिरवा, एका क्षणी चिकटपणा सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला. स्क्रू काढल्यावर बोर्डामागची पट्टी खाली पडते, ती जुन्या बोर्डाबरोबरच ठेवा, नवीन बोर्डाला त्याची स्वतःची असते. मग सॉकेटच्या कडेचा लीव्हर उचला, प्रोसेसर कडेने धरून सरळ काढा आणि पिना वर करून ठेवा. इंटेल आणि एएम५ मध्ये उलटं, पिना बोर्डात असतात, तिथे प्रोसेसर काढल्यावर सॉकेटवर लगेच प्लास्टिकचं झाकण लावा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, मऊ कापड किंवा कॉफी फिल्टर चालतो.

नवीन बोर्ड बसवताना

कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांच्यावर टेकतो ते छोटे खांब) मोजा. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा, स्वस्त बोर्ड बहुतेक मायक्रो किंवा त्याहून अरुंद असतात आणि भोकं कमी असतात. मोठ्या बोर्डासाठी लावलेला एखादा स्टँडऑफ नवीन बोर्डाच्या भोकाखाली न येता मधेच टेकला तर बोर्डाच्या मागची सोल्डर त्याला लागून शॉर्ट होतं. जे स्टँडऑफ भोकाखाली येत नाहीत ते काढूनच टाका.

प्रोसेसर, रॅम, एम.२ आणि कूलर बोर्ड बाहेर असतानाच लावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आला पाहिजे, तो अलगद ठेवला की स्वतः बसतो, वरून दाबायचं नाही. एलजीए सॉकेटमध्ये (म्हणजे पिना बोर्डात असतात तो) ठेवण्याआधी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पिना बघा, सगळ्या एका ओळीत सारख्या चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे, बोर्ड तसाच परत द्या. लीव्हर दाबताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो, ते नॉर्मल आहे. पेस्ट मधोमध मटारएवढी. चार स्लॉट असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

आता बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवूनच एकदा चालू करून बघा. २४ आणि ८ पिन लावा, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल, म्हणजे इंटेलचा एफ अक्षरवाला किंवा रायझन ५६०० सारखा असेल, तर कार्ड पण लावा, आणि पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. डिस्प्ले आला की बंद करा आणि मगच कॅबिनेटमध्ये घाला. मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी वेगळी आली असेल तर ती बोर्डाच्या आधी लावायची असते.

पुढच्या बारीक वायरींमध्ये पॉवर आणि रिसेट बटणाला उलटसुलट चालतं, एलईडीला प्लस-मायनस बघावं लागतं, नाहीतर नुसती लाइट लागत नाही, बिघडत काही नाही. जागा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा. यूएसबी ३ चा जाड कनेक्टर मात्र सरळच घाला, त्याच्या पिना बोर्डावर वाकल्या तर सरळ करणं फार अवघड.

पहिल्यांदा चालू केल्यावर

डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, घाबरून बंद करू नका. नाहीच आलं तर बोर्डवरचे छोटे दिवे बघा, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट, ज्याच्यावर अडकलं तिथे शोधा. काही स्वस्त बोर्डांवर दिवे नसतात, तिथे बीपचा छोटा स्पीकर लावून ठेवा. सर्वात जास्त वेळा अर्धवट बसलेली रॅम किंवा विसरलेला ८ पिनच निघतो.

रायझनवर एफटीपीएम बदलल्याचा मेसेज येऊन वाय किंवा एन दाबायला सांगतं. एन्क्रिप्शन बंद केलं असेल किंवा की हातात असेल तर वाय दाबा, नसेल तर आत्ता एन दाबून पुढे जा.

बायोसमध्ये तारीख, एक्सएमपी किंवा एक्सपो (एएमडीचं तसंच सेटिंग), टीपीएम, सिक्युअर बूट लावा आणि साटा मोड जुन्या फोटोप्रमाणे. विंडोज बूट न होता निळी स्क्रीन आली तर बहुतेक हाच मोड चुकलेला असतो, किंवा जुनं विंडोज लेगसीत टाकलेलं असतं आणि नवीन बोर्ड फक्त यूईएफआय ओळखतो. लिनक्सवाले सहसा सरळ बूट होतात, फक्त नेटवर्कच्या पोर्टचं नाव बदलतं.

विंडोज आलं की चिपसेट ड्रायव्हर टाका, मग सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटमध्ये हार्डवेअर नुकतंच बदलल्याचा पर्याय निवडा. तयार कॉम्प्युटरबरोबर आलेलं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डालाच बांधलेलं असतं, त्याला हे चालेलच असं नाही, रिटेल असेल तर चालतं.

मग अर्धा तास सिनेबेंच (प्रोसेसरवर जोर देणारी चाचणी) लूपवर लावा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि स्पीड दाखवणारा प्रोग्राम) उघडा. प्रोसेसरचा स्पीड शेवटपर्यंत टिकतोय का आणि व्हीआरएमचं तापमान दिसत असेल तर ते कुठे थांबतंय ते बघा, ९० अंशांच्या आत असेल तर छान, १०० च्या वर जाऊन बसत असेल तर कॅबिनेटचा मागचा फॅन चालू आहे का बघा, तरी उतरत नसेल तर परत करायच्या मुदतीत बोर्ड बदलून घ्या. तोपर्यंत नवीन बोर्डाचं खोकं, पिशवी आणि सॉकेटचं झाकण टाकू नका, झाकण नसलेला बोर्ड बऱ्याच कंपन्या परत घेत नाहीत. जुना बोर्ड विकणार असाल तर त्याला पण झाकण, मागची पट्टी आणि पोर्टांची पत्र्याची पट्टी बरोबर द्या, आणि काय बिघडलंय ते घेणाऱ्याला स्पष्ट सांगा, एखादा रॅम स्लॉट मेलेला बोर्ड पण कुणाच्या तरी एका पट्टीच्या मशीनला अजून बरीच वर्षं चालतो.